सत्तेची चाल ओळखणारा नट : निळू फुले

(महाड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



निळू फुले यांचं नाव निघालं की बैठकीत कुणीतरी त्यांचा आवाज काढतोच. मान तिरकी होते, डोळे बारीक होतात, खर्जातला घोगरा सूर लागतो आणि सगळे खळखळून हसतात. लग्नाच्या वऱ्हाडात, कॉलेजच्या गॅदरिंगला, एसटीच्या मागच्या बाकावर आपण सगळ्यांनीच ही नक्कल ऐकली आहे. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निळूभाऊ गेले. त्यानंतर जन्मलेली मुलंसुद्धा त्यांचा आवाज काढतात. नटाला यापेक्षा मोठी लोकप्रियता कोणती मिळायची? तरीही मला या नकलेची काळजी वाटते. आवाज राहिला आणि तो आवाज कशासाठी लावला होता ते विसरलं गेलं, अशी वेळ निळूभाऊंवर येऊ नये, म्हणून आज हा विषय घेतला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. निळूभाऊंनी पडद्यावर वाईट माणूस रंगवला, हे अर्धं सत्य आहे. सत्ता गावात कशी वावरते, कशी गोड बोलते, कधी गप्प बसते आणि कुणाच्या हातून काम करून घेते, हे त्यांनी दाखवलं. ते त्यांना साधलं, कारण त्यांनी सत्तेकडे कायम खालच्या पायरीवरून पाहिलं होतं. त्यांचा अभिनय आणि त्यांची चळवळ ही एकाच माणसाची एकच कामगिरी आहे. महाडच्या मातीत उभं राहून ही गोष्ट सांगणं मला अगत्याचं वाटतं. का, ते पुढे येईलच.

माळीकाम आणि कलापथक

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा, पुण्यातला. घर मोठं, खाणारी तोंडं पुष्कळ आणि मिळकत बेताची. तरुण वयातच ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागले. महिना ८० रुपये पगार, आणि त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला. झाडांची त्यांना मनापासून आवड होती, स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छाही होती. भांडवल नव्हतं म्हणून ते राहून गेलं.

ज्याच्या घरात महिनाअखेरीला ओढाताण आहे, तो पगाराचा आठवा हिस्सा संघटनेला देतो. या देण्याला हौस म्हणता येणार नाही. सेवा दलाने त्यांना काय दिलं म्हणून ते हे करत होते? सेवा दलाने त्यांना वाचायला लावलं, साने गुरुजींचा समतेचा विचार दिला, आणि कलापथक दिलं.

कलापथक म्हणजे काय हे तरुण मित्रांसाठी थोडं सांगायला हवं. चार-दोन वाद्यं, मोजके कपडे, आणि दहा-पंधरा कार्यकर्ते. गावात जायचं, देवळापुढे किंवा शाळेच्या पटांगणात उभं राहायचं. गण, गवळण, बतावणी, वग ही तमाशाची जुनी घडण तशीच ठेवायची आणि आशय मात्र नवा भरायचा: जातिभेद, हुंडा, बुवाबाजी, निवडणुकीतली लबाडी. वसंत बापट, पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या मोठ्या माणसांची लेखणी या कामी आली. राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे पुढे गाजलेले कलावंत याच वाटेने आले. निळूभाऊ त्यांतलेच एक.

या रंगमंचाला पडदा नसतो आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षकही नसतो. समोरचा माणूस उभा असतो. कंटाळला की निघून जातो. पेंगणाऱ्या शेतकऱ्याला जागं ठेवायचं तर नटाला त्याची बोली, त्याचा हेका, त्याचं भय आणि त्याचा हजरजबाबीपणा सगळं माहीत असावं लागतं. निळूभाऊंची नाट्यशाळा ही होती. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं असताना, १९५७च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांनी 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. पुढे पु. लं.च्या 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यातला त्यांचा रोंगे गाजला. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची'ने त्यांना महाराष्ट्रभर नेलं. तोच वग पाहून अनंत माने यांनी त्यांना 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात झेले अण्णांची भूमिका दिली. साल १९६८. निळूभाऊ तेव्हा चाळिशीकडे झुकलेले होते. सिनेमात येण्याआधी त्यांच्या गाठीला उमेदीची सगळी वर्षं जनतेसमोर उभं राहण्याची होती.

ही परंपरा महाडला परकी नाही

आता आपल्या गावाकडे येतो. निळूभाऊंचा विचार आणि महाडचा विचार यांचं नातं जुनं आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला स्थायिक झाले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराने ते भारले गेले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेवर थेट सवाल केले. जोतीरावांचा विचार सह्याद्रीचा घाट उतरून या खोऱ्यात आला, तो असा, एका पेन्शनर फौजी माणसाच्या हातून.

त्यानंतर साधारण चाळीस वर्षांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस ही माणसं आपल्याला पाठ आहेत. पण त्या लढ्यातली एक बाजू आपण भाषणांत कमी सांगतो, आणि ती आजच्या विषयाशी जुळणारी आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्याचं पाणी प्यायले. वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत आहे अशी आवई उठवली गेली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. सत्तेचं हे एक रूप झालं. दुसरं रूप डिसेंबरात दिसलं. सत्याग्रहाची दुसरी परिषद तोंडावर आली असताना दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला गेला. त्या वेळी लाठीची गरज पडली नाही. एका कागदाने हजारो माणसांची वाट रोखली. बाबासाहेबांनी त्या वेळी पाण्याचा सत्याग्रह थांबवला, न्यायालयातला झगडा पुढे दहा वर्षं लढला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

लाठीवाला सगळ्यांना दिसतो. कागद आणणारा दिसत नाही. तो शांतपणे, रीतीने, कायद्याची भाषा बोलत येतो. या दुसऱ्या माणसाला मराठी पडद्यावर सगळ्यात चांगलं कुणी ओळखलं असेल तर ते निळू फुल्यांनी. ते कसं, हे पाहण्यासाठी आपण 'सामना'कडे वळू.

हिंदुराव धोंडे पाटील

'सामना' १९७४-७५चा. जब्बार पटेल यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो गेला. कथा थोडक्यात अशी की साखर कारखाना, सहकार आणि सगळं गाव मुठीत असलेल्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या मुलखात एक दारुडा, भणंग म्हातारा येऊन पडतो. हा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावातून नाहीसा झालेला आहे. त्याचं पुढे काय झालं, हा एकच प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि हिंदुरावाचं साम्राज्य हादरतं.

इथे जरा थांबून निळूभाऊंचं काम बारकाईने पाहू. हिंदुराव मास्तरला हाकलून देत नाही. घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, दारू पाजतो, आपला कारभार कौतुकाने दाखवतो. हे आदरातिथ्य खोटं नाही, आणि निळूभाऊंनी ते खोटं वाटू दिलेलं नाही. या माणसाला पाहुणा आवडतो. आपलं मोठेपण कुणीतरी शहाण्या माणसाने पाहावं, अशी त्याला मनापासून भूक आहे. साधारण नट असता तर पहिल्याच प्रवेशात डोळे गरगर फिरवून 'मी खलनायक आहे' असं सांगून मोकळा झाला असता. निळूभाऊ ते करत नाहीत. ते बसतात ऐसपैस, कारण जागा त्यांची आहे. बोलतात सावकाश, कारण त्यांचं वाक्य तोडायची कुणाची छाती नाही. आवाज चढवत नाहीत, कारण चढवायची गरज नाही. कुजबुजलं तरी दहा माणसं धावतात. मास्तरचा प्रश्न पहिल्यांदा येतो तेव्हा त्या चेहऱ्यावर राग येत नाही. आधी ऐकलं न ऐकल्यासारखं होतं, मग डोळे क्षणभर थिजतात, आणि लगेच यजमानाचं हसू परत येतं. तेवढ्या एका क्षणात प्रेक्षकाला सगळं कळतं.

प्रश्न परत परत येऊ लागल्यावर हाच माणूस आतून कसा खचत जातो, तेही त्यांनी तितक्याच संयमाने दाखवलं आहे. सत्तेला भीती कशाची वाटते? बंदुकीची नाही, पैशाची नाही. न थकता विचारल्या जाणाऱ्या साध्या प्रश्नाची. लागूंचा मास्तर आणि निळूभाऊंचा हिंदुराव यांची ही जुगलबंदी मराठी सिनेमाच्या इतिहासात अव्वल आहे, असं मी निःशंकपणे म्हणतो.

आणि ज्याच्यासाठी हा प्रश्न विचारला जातो त्या माणसाचं नाव पाहा. मारुती कांबळे. पेन्शनर वलंगकरांच्या आणि जवळच्या दासगावच्या फौजी माणसांच्या या मुलखात ते नाव ऐकून कुणाच्याही काळजात कळ उठेल. पाणवठा मागणारा, जमीन मागणारा, मान वर करून बोलणारा असा एखादा माणूस गावोगावी होता. सगळ्यांचीच नावं तवारिखेत आली नाहीत.

उसाविना ओळखलेला पाटील

निळूभाऊंचा सिनेमा घाटावरचा. ऊस, गुऱ्हाळ, चिरेबंदी वाडा, जीपगाडी, साखर कारखान्याची निवडणूक. आपल्याकडे यातलं काय आहे? डोंगरउतारावरची नाचणी-वरी, खलाटीतलं भात, पावसाळ्यात फुगणाऱ्या सावित्री, गांधारी आणि काळ, आणि घरटी एक-दोन माणसं मुंबईला. साखर कारखाना तर आपल्या खोऱ्यात नाहीच. मग इथल्या माणसाला निळूभाऊ इतके का भिडले?

ऐंशीच्या दशकात पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर गणपतीला चाकरमानी वर्गणी काढून व्हिडिओ आणत. देवळापुढच्या अंगणात टेबलावर टीव्ही, शेजारी व्हीसीआर, लाइटचा भरवसा नाही म्हणून कुणीतरी आणलेला जनरेटर. रात्रभरात तीन सिनेमे. पहाटेकडचा बहुतेक ग्रामीण मराठी असायचा. निळूभाऊ पडद्यावर आले की बायकांच्या बाजूने "आला मेला" असा गलका उठायचा. पण जुनी माणसं गप्प होऊन बघायची. अशाच एका रात्री माझ्या शेजारी घोंगडी पांघरून बसलेल्या एका आजोबांनी पडद्याकडे बोट दाखवून गावच्या जुन्या खोताचं नाव घेतलं. तो खोत मरून कितीतरी वर्षं झाली होती.

त्या आजोबांना ओळख पटली होती, ती एका वागण्याच्या तऱ्हेची. पाटील घाटावर, खोत कोकणात. खोत सरकारसाठी सारा गोळा करायचा आणि कुळांकडून धान्य, वेठ, मान सगळं वसूल करायचा. त्याच्या ओटीवर कुळाने पायरीखाली उभं राहायचं, पायताण हातात घ्यायचं. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती निर्मूलनाचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर गेले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. म्हणजे व्हिडिओसमोर बसलेल्या त्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी खोती भोगलेली होती. हिंदुरावाचं ते सावकाश बोलणं, नजर न भिडवता हुकूम सोडणं, दया दाखवताना समोरच्याला लहान करणं त्यांनी प्रत्यक्ष सोसलं होतं. निळूभाऊंनी पाटील रंगवला आणि कोकणाने त्यात खोत पाहिला. अभिनयाची खोली मोजायला याहून वेगळं माप कशाला हवं?

आणखी एक. कोकणातला माणूस सोंग आणि माणूस वेगळे ठेवायला लहानपणापासून शिकतो. शिमग्यात नमन-खेळ्यांतला संकासुर पोरांना घाबरवतो आणि सकाळी तोच गडी शेजाऱ्याच्या ओटीवर चहा पितो. म्हणजे बायकांनी निळूभाऊंना शिव्या घातल्या, त्या सोंगाला घातल्या, आणि ती त्यांच्या सोंगाला मिळालेली पावतीच होती.

वेगवेगळी माणसं, एकच दृष्टी

निळूभाऊ म्हणजे फक्त पाटील आणि सरपंच, हा समज काढून टाकायला हवा. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आणलं. परिनिरीक्षण मंडळाने त्यावर कात्री चालवायला सुरुवात केली; सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या नाटकातला सखाराम निळूभाऊंनी केला. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना आसरा देणारा आणि त्यांच्यावर आपले नियम लादणारा हा माणूस. ढोंगी समाजाला तो शिव्या देतो आणि स्वतःच्या चार भिंतींत तीच हुकमत चालवतो. त्याच्या रांगडेपणात एक एकाकी, भेदरलेला माणूस दडलेला आहे, हे निळूभाऊंनी दाखवलं. शहरी, सुशिक्षित प्रेक्षकालाही तेव्हा उमगलं की वगातला हा नट फार वरच्या पातळीचा आहे.

जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात ते आप्पाजी झाले. आप्पाजी जुने गांधीवादी, स्वातंत्र्यलढ्यातले. त्यांचा मुलगा मुख्यमंत्री. आपण ज्यासाठी तुरुंगात गेलो ते हेच का, असा सवाल घेऊन बाप पोटच्या मुलासमोर उभा राहतो. पडद्यावरचा हिंदुराव इथे समोरच्या बाजूला गेला. सत्ता जवळून पाहिलेला नटच ही दोन्ही टोकं पेलू शकतो.

'सिंहासन' १९७९चा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. इथे त्यांच्या हातात कसलीच सत्ता नाही. ते फक्त बघतात: मंत्र्यांच्या दालनात, पायऱ्यांवर, गर्दीत. सगळे डाव त्यांना कळतात आणि काहीच करता येत नाही. अखेरीस दिगूचं ते भान हरपलेलं हसणं ज्याने पाहिलं, तो ते विसरणार नाही. हिंदुराव करणारा नट असा विकल, निःशस्त्र साक्षीदार करतो, तेव्हा त्याची ताकद कळते. सत्तेत बसलेला, सत्तेला जाब विचारणारा आणि सत्तेपुढे हतबल झालेला, अशी तिन्ही माणसं त्यांनी उभी केली.

हिंदीत त्यांनी मोजकंच काम केलं. 'कुली', 'मशाल' हे सगळ्यांना आठवतात. १९८४च्या 'सारांश'मधला गजानन चित्रे मात्र आवर्जून पाहावा. मुंबईतल्या मध्यमवर्गीय वस्तीतला हा पुढारी. इथे वाडा नाही, ऊस नाही, फेटा नाही. तरी एका म्हाताऱ्या शिक्षकाला नमवण्यासाठी यंत्रणा कशी फिरवायची, हे त्याला बिनचूक ठाऊक आहे. खोत, पाटील, नगरातला पुढारी. कपडे बदलले, चाल तीच राहिली. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो या सगळ्या कामगिरीवरची राष्ट्रीय मोहोर होती.

उणी बाजू

गौरवाच्या भाषणात उणी बाजू सांगितली नाही तर तो गौरव खरा ठरत नाही. 'सामना', 'सिंहासन' हे वेचक चित्रपट. त्यांच्या जोडीला निळूभाऊंनी ढिगाने असे चित्रपट केले, ज्यांत पाटील म्हणजे बाईच्या मागे लागणारा माणूस एवढंच उरलं. तमाशातली नाचणारीण, शेतातली मजूर, मास्तरीण, अशी एखादी बाई त्याच्या तावडीत सापडते, नायक येतो, मारामारी होते, चित्रपट संपतो. कारखान्याचा हिशोब, जमिनीचा तंटा, पाणी कुणाच्या शेताला जातं हा प्रश्न, हे सगळं गळून पडलं. निर्मात्यांना चालणारा साचा हवा होता आणि तो निळूभाऊंच्या नावावर चालला. आज जी नक्कल होते ती बहुधा या साच्याची होते, हिंदुरावाची नाही.

या साच्याने एक नुकसान केलं. जुलूम हा एका लंपट माणसाचा अवगुण आहे, असं प्रेक्षकाला वाटू लागलं. तो माणूस गेला की गाव सुखी. निळूभाऊंचं उत्तम काम याच्या अगदी उलट सांगतं: माणूस गेला तरी त्याची खुर्ची राहते, खुर्चीभोवतीची माणसं राहतात, आणि नवा माणूस त्याच चालीने चालू लागतो. साच्यातल्या चित्रपटांतही ते प्रामाणिकपणे राबले, पाट्या टाकल्या नाहीत. म्हणून एखाद्या सुमार चित्रपटातही त्यांचा एखादा प्रवेश लखलखतो. मराठी चित्रपटाने मात्र एवढ्या ताकदीच्या नटाला वर्षानुवर्षं तेच ते करायला लावलं, याचा दोष चित्रपटधंद्याकडे जातो, आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्याकडेही थोडा येतो.

पडद्याबाहेरचे निळूभाऊ

पडद्याबाहेर हा माणूस हळू बोलणारा, सतत वाचणारा, कार्यकर्त्यांच्या बैठकीत मागच्या रांगेत बसणारा होता. प्रसिद्धी आल्यावर सेवा दलाशी नातं सैल झालं नाही. बाबा आढावांच्या कष्टकऱ्यांच्या कामाला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला त्यांनी नाव दिलं, वेळ दिला आणि पैसा दिला.

त्यातलं एक काम ठळक सांगण्यासारखं आहे. ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधीची कल्पना पुढे आली. खेड्यापाड्यांत, आदिवासी पाड्यांवर पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी चूल कशी पेटते, याचा विचार समाजाने करायचा की नाही? त्याला दरमहा ठरावीक मानधन मिळावं यासाठी कायमचा निधी उभारायचं ठरलं. डॉ. लागू आणि निळूभाऊ यांच्यासारख्या नामवंत नटांनी अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' बसवलं आणि मानधन न घेता गावोगाव प्रयोग करून तो निधी जमवला. 'सामना'त एकमेकांसमोर ठाकलेले दोन नट इथे एका बाजूला होते. ज्यांची तारीख मिळण्यासाठी निर्माते खेटे घालत, ती माणसं बसने, गाडीने गावं पालथी घालत होती, ती जंगलात काम करणाऱ्या एखाद्या अनोळखी पोराच्या रेशनसाठी.

आठवा तो पहिला पगार आणि त्यातले १० रुपये. माळी असताना केलं, तेच नामवंत झाल्यावर केलं. रक्कम वाढली, पद्धत बदलली नाही. पडद्यावर सत्ता रंगवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या लोकप्रियतेची सत्ता कधी गाजवली नाही. ती उतरवून कार्यकर्त्याच्या झोळीत टाकली. निळूभाऊंच्या चरित्रातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपण काय करायचं

इथून फार लांब नाही, माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. ज्या विचाराने निळूभाऊ घडले तो आपल्या उंबऱ्याशी आहे. महाडात बाबासाहेबांच्या स्मारकाचं नाट्यगृह आहे. पोलादपुरात आणि आसपासच्या वाड्यांवर आजही भजनी मंडळं आहेत, जाखडीचे नाच आहेत, खालुबाजा वाजवणारे गडी आहेत, छबिन्याला अख्खी महाड नगरी जागी असते. कलावंतांची वाण आपल्याकडे नाही. वाण आहे ती या कलेला आपल्या प्रश्नांशी जोडणाऱ्यांची.

आपले प्रश्न थोडे आहेत का? २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर माणसांनी भरलेल्या एसटी गेल्या. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही वाड्या गाडल्या गेल्या. महाड शहर पाण्याखाली गेलं. पुनर्वसन, धोक्यातल्या वाड्या, डोंगर पोखरणं, औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी, बंद पडणाऱ्या शाळा: यातल्या कशावर आपल्या तरुणांनी गेल्या काही वर्षांत वग लिहिला? भारूड रचलं? गणपतीत डीजेवर जेवढा खर्च होतो, त्याच्या निम्म्यात एक कलापथक वर्षभर गावं फिरेल.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, इथल्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी 'सामना' आणि 'सिंहासन' नव्या मुलांना एकत्र बसवून दाखवावेत, आणि नंतर तासभर चर्चा ठेवावी. दुसरी, महाड आणि पोलादपूर मिळून एक कलापथक पुन्हा उभं करावं. त्याला नट लागतील तसे लिहिणारेही लागतील, आणि त्यात मुली बरोबरीने असाव्यात. तिसरी मागणी तुम्हा प्रत्येकाकडे आहे. मास्तरने हिंदुरावासमोर जे केलं ते ग्रामसभेत उभं राहून करा. रस्त्याचा निधी, पुनर्वसनाची घरं, पाण्याची योजना, ज्या कुणाचं नाव यादीतून गळलं असेल तो माणूस, त्याबद्दल साधा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सभेत तोच प्रश्न पुन्हा विचारा. आवाज चढवायची गरज नाही. प्रश्न सोडू मात्र नका.

निळूभाऊंचं स्मरण करायचं असेल तर ते असं करा.